‘पंपिंग चांगलं आहे’ एवढ्यावर थांबू नका : मार्फनच्या रुग्णांचा इको करणाऱ्यांना खुले पत्र

हृदयरोगतज्ज्ञ, इको करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

माझं वय ४१. मला मार्फन सिंड्रोम आहे, म्हणजे शरीराला आतून बांधून ठेवणाऱ्या धाग्यांचा जन्मजात आजार. निदान झालं तेव्हा मी २६ वर्षांची होते. तेव्हापासून वर्षातून एकदा इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, मी तुमच्यासमोर डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली घेऊन पडते. खोलीतला दिवा मालवला जातो, गार जेल छातीवर येतं आणि ‘श्वास सोडा, आता धरून ठेवा’ असं कुणीतरी हळू आवाजात सांगतं. माझ्या छातीचं हाड आत गेलेलं आहे, त्यामुळे हृदय डावीकडे सरकलंय. दोन बरगड्यांच्या मधली ती एक फट सापडेपर्यंत तुमच्यापैकी अनेकांचं मनगट भरून आलेलं मी पाहिलं आहे. एका ताईंनी तर पाऊण तास खटपट करून शेवटी माझ्याच पाठीला उशी लावून मला वळवलं होतं आणि चित्र मिळाल्यावर त्या माझ्याइतक्याच आनंदल्या होत्या. तेव्हा तुमचे कष्ट मला ठाऊक आहेत, हे आधी लिहून ठेवते. पुढचं थोडं बोचेल.

दोन वर्षांपूर्वी मला जिना चढताना दम लागायला लागला. आधी तिसऱ्या मजल्यावर, मग दुसऱ्या. मी विचारलं, तर उत्तर मिळालं की गोळ्यांमुळे असं होतं. बीटा ब्लॉकरने ठोके कमी पडतात, थकवा येतो, हे खरंच आहे आणि मला ते पटलंही. पुढे रात्री आडवं पडलं की छातीत एक ठोका चुकल्यासारखा व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ एक जोरात यायचा. ‘काळजी करता म्हणून तसं वाटतं,’ असं सांगितलं गेलं. तेही मी ऐकून घेतलं.

मग एका रविवारी मी फाइल काढली आणि मागचे सात इको अहवाल जमिनीवर ओळीने मांडले. महाधमनीच्या मुळाचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या सुरुवातीच्या भागाचं माप : ४२, ४२, ४३, ४२, ४३, ४३, ४३ मिलिमीटर. प्रत्येकाच्या खाली ‘स्थिर’ हा शब्द, आणि त्या एका शब्दासाठीच मी वर्षभर जीव मुठीत धरून थांबत असे. त्याखाली इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर जातं ते, ज्याला आपण सगळे पंपिंग म्हणतो : ६० टक्के, सातही वेळा ६० टक्के. ना ५८, ना ६३. मापलेला आकडा सात वर्षं असा एका जागी खिळून राहत नाही. डोळ्यांनी बघून ठरवलेला राहतो. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, डाव्या खालच्या कप्प्याचा पूर्ण भरल्यावरचा व्यास : ५१, ५१, ५२, ५३, ५४, ५४, ५६ मिलिमीटर.

ही तिसरी ओळ सात वर्षांत मला कुणीही वाचून दाखवली नव्हती. मीही कधी वाचली नव्हती.

मी तो कागद घेऊन गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही उंच आहात, हृदय थोडं मोठं असणारच.’ बरोबर आहे. माझी उंची १८२ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो. पण मग उंचीने त्या आकड्याला भागायला हवं ना! या उंचीवजनाला शरीराचं पृष्ठफळ १.७४ चौरस मीटरच्या आसपास येतं. ५.१ सेंटिमीटरला त्याने भागलं तर २.९ मिळतात, आणि ५.६ ला भागलं तर ३.२. स्त्रियांसाठी तुमच्याच तक्त्यात वरची मर्यादा ३.१ दिलेली आहे. म्हणजे सात वर्षांत मी त्या रेषेच्या अलीकडून पलीकडे गेले होते, आणि उंचीचा हिशेब मांडण्याऐवजी उंचीचं कारण सांगितलं गेलं. त्या सात अहवालांपैकी पाचांवर उंचीचा रकाना कोरा होता. उरलेल्या दोनांवर मी तोंडी सांगितलेला आकडा होता.

एमआरआय झाला. पंपिंग ४८ टक्के निघालं. मायट्रल झडपेची (डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली ती) गळती किरकोळ, महाधमनीच्या झडपेची नाहीच. २४ तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रात खालच्या कप्प्यातून उठणारे जादा ठोके भरपूर सापडले. मुळाचं माप मात्र तेच होतं, ४३. स्थिर.

एखाद्या वर्षीचं दोन मिलिमीटर इकडेतिकडे हात, कोन आणि यंत्र यांमुळे होतं, हे मला माहीत आहे. एकाच माणसाचा इको दोघांनी केला तर एवढा फरक पडतोच. म्हणूनच एका आकड्यावरून मी काही म्हणत नाही. सात आकडे एकाच दिशेने सरकत होते आणि ते एकमेकांशेजारी कुणी ठेवले नाहीत, एवढं माझं म्हणणं आहे.

मुळावरच सगळ्यांची नजर का असते, हेही मी समजून घेतलं आहे. आंत्वान मार्फन यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये लांब, सडपातळ बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं तेव्हा हृदयाचा त्यात विषयच नव्हता. महाधमनी पुढे कळली, आणि एकदा कळल्यावर तिने बाकी सगळं झाकून टाकलं. १९७२ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात या आजाराच्या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ निघालं होतं, आणि बहुतेक मृत्यू महाधमनी फाटल्याने किंवा झडप निकामी झाल्याने झाले होते. ३२! ते वय ओलांडून मला नऊ वर्षं झाली. हे घडलं ते तुमच्या मिलिमीटर मोजण्यामुळे. १९६८ साली बेंटॉल आणि डी बोनो यांनी मूळ आणि झडप एकत्र बदलण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, पुढे स्वतःची झडप राखून मूळ बदलण्याची पद्धत आली. १९९९ साली ६७५ मार्फन रुग्णांच्या शस्त्रक्रियांचा हिशेब छापला गेला : वेळेवर, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत दगावण्याचं प्रमाण १.५ टक्के, आणि घाईगर्दीत, जीव वाचवायला केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ११.७ टक्के. हे आकडे वाचल्यावर कुठला शहाणा माणूस मुळावरून नजर हटवा म्हणेल? मी तर म्हणणार नाही.

पण त्यामुळेच आम्ही आता जगतो आहोत. पन्नाशी गाठतो, साठी ओलांडतो. ज्या स्नायूला पूर्वी दमायला वेळच मिळत नसे, त्याला आता मिळतो. तुम्ही आम्हाला जी वर्षं मिळवून दिलीत, त्यातली पुढची वर्षं या स्नायूच्या भरवशावर काढायची आहेत.

स्नायूचा आणि मार्फनचा काय संबंध, असं एका तरुण डॉक्टरांनी मला खरोखर विचारलं होतं. ‘हा तर संयोजी ऊतींचा आजार,’ ते म्हणाले. त्यांना मी जे सांगितलं ते इथे थोडं सावकाश सांगते, कारण माझ्यासारख्या दुसऱ्या रुग्णांच्याही हे उपयोगी पडेल.

दोष आहे एफबीएन१ नावाच्या जनुकात. ते पंधराव्या गुणसूत्रावर असतं, आणि मार्फनशी त्याचं नातं १९९१ साली सापडलं. या जनुकावरून फायब्रिलिन-१ हे प्रथिन बनतं, आणि त्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म धागे शरीरभर पसरलेले असतात. महाधमनीच्या भिंतीत ते लवचीक तंतूंना आधार देतात, डोळ्याचं भिंग जागेवर बांधून ठेवतात. हृदयाच्या स्नायूतही ते असतात, पेशींच्या मधल्या जागेत. हृदयाचा स्नायू म्हणजे नुसता पेशींचा ढीग नव्हे. प्रत्येक पेशी शेजारणीला आणि भोवतीच्या जाळीला बांधलेली असते, आणि त्या बांधणीतूनच तिला कळतं की आपल्यावर किती ताण आला आहे. बाजेचा सुंभ सैल पडला की चारही गाते शाबूत असले तरी बाज झोळ धरते, तसं काहीसं होतं. शिवाय हेच धागे टीजीएफ-बीटा नावाच्या वाढीच्या संदेशाला जखडून ठेवायला मदत करतात. धागे कमी पडले की त्या संदेशांचं गणितही बिघडतं.

२०१४ साली उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध झालं. त्यात फायब्रिलिनचं जनुक केवळ हृदयाच्या स्नायूपेशींमध्ये अर्धवट बंद केलं गेलं. बाकी उंदीर धडधाकट होता. तरीही त्याचा डावा कप्पा फुगला आणि दुबळा झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण ‘आधी झडप गळते, मग तिच्या ओझ्याने कप्पा फुगतो’ एवढीच कथा असती, तर या उंदराला काही व्हायला नको होतं.

माणसांतही पुरावा आहे, आणि तो एकसुरी नाही हे मी लपवत नाही. सुरुवातीच्या काही अभ्यासांत झडपा ठीक असलेल्या मार्फन रुग्णांचा डावा कप्पा जवळपास नेहमीसारखाच आढळला होता. २००६ नंतर टिश्यू डॉप्लर (स्नायूच्या हालचालीचा वेग), एमआरआय आणि स्ट्रेन (स्नायू किती आखडतो याचं माप) अशा जास्त बारकाईच्या पद्धतींनी पाहिल्यावर चित्र बदललं : आकुंचनाचा वेग थोडा कमी, सैल होण्याचा वेगही थोडा कमी. २०१० साली झडपेची मोठी गळती नसलेल्या आणि शस्त्रक्रिया न झालेल्या ६८ रुग्णांचा एमआरआय अभ्यास आला. त्यात चौथाई जणांचं पंपिंग अपेक्षेपेक्षा कमी होतं. बहुतेकांत ही कमतरता सौम्य असते. बहुतेकांना ती जाणवतही नाही. थोड्यांची मात्र वाढत जाते, आणि काहींना हृदय प्रत्यारोपणापर्यंत जावं लागलेलं आहे. आपण त्या थोड्यांत आहोत की बहुतेकांत, हे आम्हाला कळायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे मोजणं.

त्यात महाधमनीही स्नायूवर भार टाकतच असते, न फुगता. निरोगी महाधमनी प्रत्येक ठोक्याला थोडी ताणली जाते आणि मग आवळून रक्त पुढे ढकलते. हृदयाचं बरंचसं ओझं ती हलकं करते म्हणा ना. आमची ताठर असते. ताठर नळीतून नाडीची लाट लवकर जाऊन लवकर परत येते आणि कप्पा अजून पिळत असतानाच त्याच्या तोंडावर आदळते. हे वर्षानुवर्षं, दिवसाला लाखभर वेळा. मूळ ४३ वर स्थिर असलं तरी हे चालूच राहतं. ‘स्थिर’ या शब्दात हे कुठेच येत नाही.

आणि मायट्रल झडप. आमच्यापैकी अनेकांची ती सैल असते, मागे झुकते, गळते. गळती वाढली की पंपिंगचा आकडा फसवा होतो, हे तुम्ही मला शिकवायचं, पण मीच तुम्हाला आठवण करून देते. कप्प्याला रक्त ढकलायला मागचा सोपा रस्ता मिळतो, त्यामुळे तो सहज रिकामा होतो आणि ६० टक्के दिसतात. तुमच्याच मार्गदर्शक सूचना तीव्र गळतीत पंपिंग ६० किंवा त्याखाली आलं, किंवा पूर्ण आकुंचनानंतरचा व्यास ४० मिलिमीटरला पोचला, की शस्त्रक्रियेचा विचार करा म्हणतात. ज्या आकड्याला माझ्या अहवालात ‘चांगलं’ म्हटलं होतं, तोच गळक्या झडपेमागे धोक्याची खूण असतो. स्नायू आधीच फायब्रिलिनविना झोळ धरत असेल, तर झडप दुरुस्त केल्यावर तो उघडा पडणार आणि सगळे म्हणणार की शस्त्रक्रियेनंतर पंपिंग घसरलं.

आता तुम्ही म्हणाल की कळून उपयोग काय, मार्फनच्या स्नायूसाठी वेगळं औषध थोडंच आहे? नाही. इथे मला मनापासून खंत वाटते. १९९४ साली प्रोप्रॅनोलॉल, २०१४ साली ६०८ मुलं आणि तरुण यांच्यात अटेनोलॉल विरुद्ध लोसार्टन, २०१९ साली इर्बेसार्टन, अशा चाचण्या झाल्या. त्यांचं ऋण मी मानते. पण त्या सगळ्यांनी मुख्य मोजमाप धरलं ते मुळाच्या वाढीचं. एवढी माणसं, एवढी वर्षं, प्रत्येकाचे इतके इको, आणि स्नायू मुख्य प्रश्नांत नाहीच. संशोधन करणारे हे वाचत असतील तर पुढच्या चाचणीच्या आराखड्यात दोन ओळी वाढवा, एवढी विनंती आहे. चित्रं तर तुम्ही काढणारच आहात.

पण उपयोग आजही आहे. मी बारा वर्षं अटेनोलॉल घेत होते. महाधमनीसाठी ते ठीक. पण पंपिंग घसरलेल्या हृदयासाठी ज्या बीटा ब्लॉकरनी आयुष्य वाढवल्याचं सिद्ध झालंय ते बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. अटेनोलॉल त्यांत नाही. एमआरआयनंतर माझी गोळी बदलली. एकाच कुळातली, एकाच कामाची, महाधमनीचं रक्षणही तसंच, शिवाय स्नायूला आधार. हा बदल दोन वर्षं आधी होऊ शकला असता. तिसऱ्या ओळीत ५४ लिहिलं होतं तेव्हा.

ठोक्यांचंही तसंच. मार्फनमधला अचानक मृत्यू नेहमी महाधमनी फाटूनच होतो का, हा प्रश्न २००३ साली विचारला गेला आहे. त्या अभ्यासात अचानक मृत्यूचा संबंध वाढलेल्या डाव्या कप्प्याशी आणि खालच्या कप्प्यांतल्या अनियमित ठोक्यांशी दिसला होता. एखादी रुग्ण ‘ठोका चुकतो’ म्हणाली तर तिला होल्टर लावायला एक दिवस लागतो. ती घाबरट आहे असं ठरवण्याआधी तो एक दिवस तिला द्या.

मूल होऊ द्यावं का, हे विचारायला येणाऱ्या मुलींबद्दलही लिहायलाच हवं. त्यांना मुळाचं माप सांगितलं जातं, ४५ मिलिमीटरच्या पुढे असेल तर जपून राहायला सांगतात, आणि बाळाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी आहे हेही समजावतात. पण गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि ते सगळं या स्नायूलाच फिरवायचं असतं. तो किती सक्षम आहे, हे त्या मुलीला त्याच बैठकीत कळलं पाहिजे. मी स्वतः तिशीत हा निर्णय घेतला तो फक्त ४२ या एका आकड्यावर. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. अर्ध्या माहितीवर घेतला, एवढंच.

हे सगळं का राहून जातं यावर मी खूप विचार केला, आणि मला वाटतं त्यात कुणा एकाचा हलगर्जीपणा नाही. मार्फन ओळखण्यासाठीच्या २०१० च्या सुधारित घेंट निकषांत शरीराच्या खुणांसाठी २० गुणांची यादी आहे. अंगठा आणि मनगटाच्या खुणांना ३, बाहेर आलेल्या छातीला २, आत गेलेल्या छातीला १, सपाट तळव्याला १, जास्त नंबरच्या चष्म्याला १, मायट्रल झडप झुकण्याला १. स्नायूला शून्य. निदानापुरतं ते योग्यच आहे, कारण दुबळा स्नायू शंभर आजारांत सापडतो आणि त्यावरून मार्फन ओळखता येत नाही. पण निदानाची यादी हळूहळू तपासणीची यादी बनून बसली. जे ओळखायला लागत नाही, ते दर वर्षी बघायचंही राहून गेलं.

माझं मागणं मोठं नाही. आम्ही खोलीत आलो की आधी उंची मोजा, वजन करा आणि कप्प्याचा व्यास त्या हिशेबाने भागून लिहा. पंपिंग डोळ्यांनी ठरवू नका. दोन बाजूंनी कप्प्याच्या कडा आखून घनफळ काढा, आणि छातीमुळे चित्र नीट मिळत नसेल तर स्पष्ट लिहा की मिळालं नाही. ‘चांगलं’ या शब्दापेक्षा ‘नीट दिसलं नाही’ हे वाक्य मला हजारपट उपयोगाचं आहे, कारण त्यावरून पुढची तपासणी मागता येते. स्ट्रेन काढता आला तर काढा. पंपिंग हलायच्या आधी तो हलतो. पण कुठल्या कंपनीच्या यंत्रावर काढला तेही अहवालात लिहा, कारण यंत्र बदललं की आकडा बदलतो आणि मग पुढच्या वर्षीची तुलना वाया जाते. आत गेलेल्या छातीत काही भागांचा स्ट्रेन उगाच कमी दिसू शकतो, ते तुम्हीच आम्हाला समजावून सांगा, नाहीतर आम्ही कागद वाचून रात्रभर जागे राहतो.

आणि एमआरआय! आमच्या पूर्ण महाधमनीचा एमआरआय तुम्ही अधूनमधून करताच. आम्ही त्या नळीत पडलेलेच असतो, हात बांधलेले, कानांवर ठकठक चाललेली. त्याच बैठकीत हृदयाच्या हलत्या चित्रांचा एक संच घ्यायला थोडीच मिनिटं जास्त लागतात, आणि त्यातून दोन्ही खालच्या कप्प्यांचं घनफळ निघतं. चिठ्ठीवर ‘महाधमनी’ लिहिलेलं असतं म्हणून तंत्रज्ञ महाधमनीच बघतात, त्यांचा काय दोष. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी ‘आणि डाव्या कप्प्याचं घनफळ’ एवढे चार शब्द जोडावेत.

दम लागतो, थकवा येतो म्हटलं की गोळीवर ढकलायच्या आधी एकदा एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी करा. आणि मागच्या पाच-सात वर्षांचे आकडे एका ओळीत मांडून मग ‘स्थिर’ लिहा. मागच्या एकाच वर्षाशी ताडून लिहिलेलं ‘स्थिर’ मी सात वेळा वाचलं आहे.

या पत्राचं खरं निमित्त माझा धाकटा भाऊ आहे. आम्हा दोघांना हा आजार वडिलांकडून आला. त्याचं मूळ भराभर वाढलं आणि ३१ व्या वर्षी त्याची शस्त्रक्रिया झाली, स्वतःची झडप राखून. उत्तम झाली. ज्यांनी केली त्यांच्याबद्दल घरात कृतज्ञतेशिवाय दुसरा शब्द निघत नाही. घरी जाताना त्याला सांगितलं गेलं, ‘आता सुटलास.’ त्यानंतर सहा वर्षं त्याच्या अहवालात कृत्रिम नळी आणि झडप यांच्याबद्दल अर्धं पान असतं आणि स्नायूबद्दल एक ओळ. पण नळी बदलली तरी स्नायूतला फायब्रिलिन तोच आहे, जनुक तेच आहे, आणि पुढची महाधमनीही तीच ताठर आहे. त्याला आता हे समजावायला मी गेले तर तो म्हणतो, ‘ताई, मी बरा झालोय.’ मला त्याचं मन मोडवत नाही. माझ्या सांगण्याला तसंही वजन नाही. तुमच्या एका वाक्याला आहे.

त्याचा पुढचा इको येत्या महिन्यात आहे. त्याची उंची १९१ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. मागच्या तीन अहवालांतला डाव्या कप्प्याचा व्यास ५६, ५७, ५९. पंपिंग तिन्ही वेळा ६० टक्के. हे मी एका कागदावर लिहून त्याच्या फाइलच्या पहिल्या पानाला टाचलं आहे, त्याला न सांगता. तो तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर येईल ते मला माहीत नाही. तो कागद फाइल उघडल्या उघडल्या दिसेल.

आपली नम्र,
मार्फनची एक रुग्ण